‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’: दुसरं प्रकरण आधी वाचा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवत आणि फासे टाकत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम खऱ्या अर्थाने वाढवणारं पहिलं मोठं पुस्तक म्हणजे नोव्हेंबर २०१७मध्ये आलेलं ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’. पानं १९२, अमेरिकेतली तेव्हाची छापील किंमत ४९.९५ डॉलर. पहिल्या प्रकरणात खेळाडूंसाठी तीसेक सबक्लास (पात्राच्या पेशाचे उपप्रकार), दुसऱ्यात डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, नियम आणि तक्ते, तिसऱ्यात नवे स्पेल (जादूचे मंत्र), आणि शेवटी दोन परिशिष्टं. बहुतेक लोक ते पहिल्या प्रकरणासाठी घेतात. पैसे वसूल होतात ते मात्र दुसऱ्यात.

सोर्सबुकची, म्हणजे अशा पूरक नियमपुस्तकाची, परीक्षा अगदी साधी आहे. नियमातला आकडा टेबलावर काहीतरी घडवतो का? आणि गोष्टीची कल्पना आकड्यांचं गणित बिघडवते का? या पुस्तकात दोन्ही प्रश्नांची उत्तम उत्तरं आहेत आणि वाईटही, कधी कधी अगदी शेजारशेजारच्या पानांवर.

सुरुवात जादूच्या वस्तू बनवण्याच्या नियमांपासून करू, कारण पुस्तकाची सगळी अक्कल तिथे एकवटली आहे. मोहिमांच्या मधल्या रिकाम्या काळाला पुस्तक डाउनटाइम म्हणतं आणि तो आठवड्यांत मोजतं. आठवडा म्हणजे कामाचे पाच दिवस, दिवसाला आठ तास. वस्तू जितकी दुर्मिळ तितका खर्च जास्त: कॉमन वस्तूला १ आठवडा आणि ५० सोन्याची नाणी लागतात, अनकॉमनला २ आठवडे आणि २००, रेअरला १० आणि २,०००, व्हेरी रेअरला २५ आणि २०,०००, लेजेंडरीला ५० आठवडे आणि १,००,०००. एकदाच वापरायची वस्तू असेल तर सगळं निम्मं. दोन-तीन पात्रांनी मिळून काम केलं की वेळ तितक्या पटीत कमी होतो.

आता त्याच प्रकरणातला विक्रीचा भाग उघडा. रेअर वस्तूची मूळ किंमत ४,०००. गिऱ्हाईक शोधायला एक आठवडा आणि २५ नाणी. मग परस्वेजनचा, म्हणजे मन वळवण्याचा, फासा (वीस बाजूंचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवून): १०पर्यंत आला तर निम्मी किंमत, ११ ते २० आला तर पूर्ण, २१ किंवा वर आला तर दीडपट. म्हणजे २,००० घालून ४,००० परत. खर्च वजा जाता ११ आठवड्यांत १,९७५ नाण्यांचा नफा, आठवड्याला साधारण १८०. चौघं मिळून राबले तर तीच वस्तू अडीच आठवड्यांत तयार. इतकंच वाचून थांबलेला खेळाडू लगेच म्हणेल, गुहेत उतरून मरायचं कशाला, कारखानाच काढू!

हे होऊ नये म्हणून पुस्तकाने एक अट घातली आहे. प्रत्येक वस्तूसाठी आधी तिची कृती मिळवावी लागते, आणि शिवाय एक दुर्मिळ घटक. तो घटक मिळवताना ठरावीक ताकदीच्या प्राण्याला तोंड द्यावं लागतं: कॉमनला चॅलेंज रेटिंग १ ते ३, अनकॉमनला ४ ते ८, रेअरला ९ ते १२, व्हेरी रेअरला १३ ते १८, लेजेंडरीला १९ आणि वर. वाचताना हा भाग गोष्टीसाठी टाकलेली सजावट वाटतो. प्रत्यक्षात सगळ्या हिशेबाचा ब्रेक हाच आहे. पैसा आणि वेळ ही कुलपं खेळाडू सहज उघडतात, हे तिसरं उघडायला मोहीमच काढावी लागते. आणि मोहीम निघाली की डीएमला हवी असलेली गोष्ट आयतीच हाती येते.

उदाहरण फ्लेम टंग तलवारीचं घ्या. वस्तू रेअर, म्हणून प्राणी ९ ते १२ रेटिंगचा. फायर जायंटचं रेटिंग ९. डीएमने ठरवावं की तलवारीचं पातं जायंटच्याच भट्टीत तापवावं लागतं. घटक प्राण्याच्या प्रेतातूनच काढावा असं पुस्तक म्हणत नाही, प्राणी एखाद्या जागेची राखण करत असला तरी चालतं. म्हणजे जायंटला मारा, त्याच्याशी सौदा करा, नाहीतर तो शिकारीला गेला असताना भट्टी वापरा, तिन्ही वाटा नियमात बसतात. तिसऱ्या लेव्हलच्या (अनुभवाच्या पायरीवरच्या) टोळीच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाच्या, हाती कृतीचा कागद लवकर लागला तरी बिघडत नाही. तो कागद चार लेव्हल पिशवीत पडून राहील आणि दर वेळी आठवण करून देत राहील.

हे बिघडतं एकाच ठिकाणी. घाईत असलेला डीएम म्हणतो, घटक बाजारात ५०० नाण्यांना मिळतो, चला पुढे. त्या क्षणी ब्रेक निघाला. तीन महिन्यांच्या डाउनटाइममध्ये टोळीकडे इतकं सोनं जमतं की पुढच्या कुठल्याही बक्षिसाला किंमत उरत नाही. घटक विकायचाच असेल तर फक्त कॉमन वस्तूंचा विका. त्यात विक्रीखर्च धरून दोन आठवड्यांत जेमतेम २५ नाणी सुटतात, कोणाचं काही बिघडत नाही.

गुंतागुंतीचा नियमही याच जातीचा. वस्तू घडवताना दर पाच आठवड्यांमागे १० टक्के शक्यता असते की काहीतरी भानगड होईल: अफवा पसरेल, हत्यारं चोरीला जातील, एखादा सरदार वस्तू विकत मागेल आणि नकार ऐकून घेणार नाही. लेजेंडरी वस्तूच्या ५० आठवड्यांत हा फासा दहा वेळा पडतो, म्हणजे निदान एक तरी भानगड होण्याची शक्यता ६५ टक्के. कॉमन वस्तूला ती जवळपास नाहीच. मोठ्या कामाला मोठा बोभाटा, आणि डीएमने काहीही न ठरवता.

चोरीच्या नियमात मात्र हिशेब आणि गोष्ट एकमेकांना आडवी येतात. चोरीची पूर्वतयारी म्हणजे एक आठवडा आणि २५ नाणी. मग काठिण्य, म्हणजे फाशाने गाठायचा आकडा, निवडायचं: १० निवडलं तर लूट ५० नाण्यांची, १५ला १००ची, २०ला २००ची, २५ला १,०००ची. तीन फासे टाकायचे: स्टेल्थ (लपून वावरणं), चोराची हत्यारं, आणि इन्व्हेस्टिगेशन (तपास), परसेप्शन (नजर) किंवा डिसेप्शन (फसवणूक) यांपैकी एक. तिन्ही यशस्वी झाले तर पूर्ण लूट, दोन झाले तर निम्मी, एक झाला तर रिकाम्या हाताने पळ. तिन्ही फसले तर लुटीइतका दंड आणि दंडाच्या दर २५ नाण्यांमागे आठवडाभर कोठडी.

तिन्ही कौशल्यांत +७ असलेला, म्हणजे प्रत्येक फाशात ७ मिळवणारा, चोर धरा. काठिण्य १०ला त्याला खर्च वजा जाऊन सरासरी १७ ते १८ नाणी सुटतात आणि धोका जवळजवळ शून्य. १५ला दंड धरून सरासरी वीसेक. २०वर तो चक्क तोट्यात जातो: तिन्ही फासे फसायची शक्यता एकवीस-बावीस टक्के, आणि फसले की २०० नाण्यांचा दंड आणि आठ आठवडे गजाआड. म्हणजे आकडे खेळाडूला सांगतात, छोट्या चोऱ्या करत राहा, मोठा हात मारू नको. त्यातही याच प्रकरणातलं प्रामाणिक मजुरीचं काम १५ ते २० फासा पडला तर आरामाचं राहणीमान देतं, ज्याची किंमत दिवसाला २ नाणी, आठवड्याला १४. चोर आणि सुतार यांच्यात फरक साडेतीन ते साडेसहा नाण्यांचा!

गोष्टीला मात्र मोठा हात मारणाराच हवा असतो. म्हणून इथे डीएमने थोडी डागडुजी करावी. काठिण्य २० आणि २५च्या चोऱ्या डाउनटाइममधून काढून टाका आणि सरळ टेबलावर खेळवा, पूर्ण सेशन द्या. १० आणि १५च्या चोऱ्या तक्त्यावरच राहू देत. आणखी एक बदल सोपा आणि चांगला: तिन्ही फासे फसले तर कोठडीऐवजी एक शत्रू द्या, ज्याला चोराचं नाव ठाऊक आहे. आठ आठवडे कोठडीत म्हणजे तो खेळाडू नुसता बसून राहणार आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबणार. टेबलाचं ते सगळ्यात मोठं नुकसान.

शत्रू द्यायला वेगळं काही शोधायची गरज नाही. डाउनटाइमच्या सुरुवातीलाच पुस्तक काही प्रतिस्पर्धी नेमायला सांगतं: त्याचं उद्दिष्ट काय, हाताशी कोण, पुढची चाल कोणती. नमुन्यात टोळी कर चुकवते असं मानणारा करवसुली अधिकारीसुद्धा आहे, आणि खलनायक म्हणून तो कुठल्याही लिचपेक्षा (मरणावर मात केलेल्या जादूगारापेक्षा) जास्त टिकतो. खेळाडू आठवडे खर्च करतात तेव्हा प्रतिस्पर्धीही तेच आठवडे वापरतो, एवढं लक्षात ठेवलं की डाउनटाइम नुसती जमाखर्चाची वही राहत नाही.

याच प्रकरणातला मौजमजेचा नियम माझ्या मते पुस्तकातला सर्वांत नेटका. एक आठवडा पार्ट्या करायच्या. खालच्या वर्गात १० नाणी, मध्यम वर्गात ५०, उच्चभ्रूंत २५०. शेवटी परस्वेजनचा फासा: ५पर्यंत आला तर कोणीतरी दुखावलं जाऊन वैरी होतं, ६ ते १०ला काहीच नाही, ११ ते १५ला एक ओळख, १६ ते २०ला दोन, २१ किंवा वर तीन. खरी मेख पुढे आहे. ही ओळख कोणाची ते तेव्हाच ठरवायची सक्ती नाही. खेळाडू ती राखून ठेवू शकतो आणि गरज पडेल तेव्हा म्हणू शकतो, ‘बंदरावरचा कारकून? अहो, गेल्या महिन्यात आम्ही एकाच टेबलावर बसलो होतो.’ अशा राखीव ओळखी १ अधिक करिश्मा मॉडिफायर (पात्राच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा आकडा) इतक्याच ठेवता येतात, म्हणून कोणी सगळं शहर खिशात घालू शकत नाही. एका छोट्या अटीने गैरवापर थांबतो आणि गोष्ट खेळाडूच्या हातात राहते. पुस्तकभर असंच लिहिलं असतं तर तक्रारीला जागाच नव्हती.

सापळ्यांचा भाग भराभर वाचू नका. साध्या सापळ्यांची जुनी अडचण अशी की ‘रोग’, म्हणजे चोरटं, हिकमती पात्र, एक फासा टाकतो, सापळा निकामी होतो, बाकी तिघं पाहत राहतात. पुस्तकाने दिलेले गुंतागुंतीचे सापळे इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे लढाईतल्या पाळ्यांच्या क्रमात, खेळतात, उदाहरणार्थ दर फेरीला २० आणि १० या आकड्यांवर. त्यांचे काही भाग सतत चालू असतात, काही दर फेरीला वाढत जातात. ते एका फाशात बंद होत नाहीत, तुकड्यातुकड्याने बंद करावे लागतात. म्हणून फायटर पातं अडवतो, विझार्ड जादूची रेघ पुसतो, रोग यंत्रात हात घालतो. स्वतःचा सापळा रचायचा असेल तर आकडे तयार आहेत: मध्यम धोक्याला सेव्ह (वाचण्यासाठी फाशाने गाठायचा आकडा) १०, धोकादायकला १५, प्राणघातकला २०. पहिल्या चार लेव्हलला नुकसान अनुक्रमे १डी१० (दहा बाजूंचा एक फासा), २डी१० आणि ४डी१०. पहिल्या लेव्हलच्या विझार्डवर ४डी१० म्हणजे सरासरी २२ नुकसान. तो पडणारच, तेव्हा हा आकडा जपून वापरा.

बारीकसारीक नियमांत दोन लक्षात ठेवण्यासारखे. मध्यम किंवा जड चिलखत घालून झोपलं तर लाँग रेस्टनंतर, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीनंतर, खर्च झालेल्या हिट डाइसपैकी (विश्रांतीत जखमा भरायला वापरायच्या फाशांपैकी) चौथा हिस्साच परत मिळतो आणि थकवा उतरत नाही. एका ओळीच्या या नियमामुळे रात्रीच्या हल्ल्याला अर्थ येतो, कारण आता चिलखत काढून झोपायचं की नाही याचा निर्णय घ्यावा लागतो. दुसरा स्वयंपाकाच्या भांड्यांचा. ज्याला ती वापरता येतात तो शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) स्वतःबरोबर आणखी पाच जणांपर्यंत खायला घालतो आणि खर्च केलेल्या प्रत्येक हिट डायमागे प्रत्येकाला १ जादा हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) मिळतो. चौघांनी दोन-दोन डाय खर्चले तर ८ पॉइंट. आकडा क्षुल्लक, पण खेळाडू पुढच्या वेळी विचारतो, आज काय शिजवायचं?

कॉमन जादूच्या वस्तूंची यादीही याच पठडीतली. क्लोक ऑफ बिलोइंग हवं तेव्हा ऐटीत फडफडतो, बस्स. पोल ऑफ अँगलिंग मासेमारीची काठी होते. यातलं काहीही पहिल्याच सेशनला वाटून टाकलं तरी लढाईचं गणित हलत नाही.

आता पहिलं प्रकरण, ज्यासाठी लोक पुस्तक घेतात. इथे दर्जा एकसारखा नाही.

फायटरचा आर्केन आर्चर हा सबक्लास घ्या. बाणात जादू भरणारा एल्फी परंपरेचा धनुर्धर ही कल्पना वाचताच खेळाडू पात्र लिहायला घेतो. मग नियम वाचतो: तिसऱ्या लेव्हलपासून दोन जादूचे बाण, शॉर्ट किंवा लाँग रेस्ट झाली की परत दोन, आणि विसाव्या लेव्हललाही दोनच. पंधराव्या लेव्हलला सवलत म्हणून इनिशिएटिव्हच्या वेळी एकही शिल्लक नसेल तर एक मिळतो. मूळ नियमपुस्तकातल्या बॅटल मास्टर या फायटरच्याच सबक्लासला तिसऱ्याच लेव्हलला डावपेचांसाठी चार डाइस असतात, सातव्याला पाच, पंधराव्याला सहा, तेही शॉर्ट रेस्टवर परत येणारे. म्हणजे नावात जादू असलेला धनुर्धर दोन फेऱ्यांनंतर साधा धनुर्धर होतो. उपाय सोपा: बाणांची संख्या प्रोफिशिअन्सी बोनसइतकी (लेव्हलबरोबर वाढणाऱ्या प्रावीण्याच्या आकड्याइतकी) करा. तिसऱ्या लेव्हलला २च राहतात, पाचव्याला ३, सतराव्यापासून ६. बॅटल मास्टरच्या पुढे तो तरीही जात नाही.

हेक्सब्लेड, म्हणजे गूढ शक्तीशी करार करून जादू मिळवणाऱ्या वॉरलॉकचा एक सबक्लास, याच्या बरोबर उलट. शॅडोफेलमधली (सावल्यांच्या जगातली) एक गूढ शक्ती, जी जाणीव असलेल्या शस्त्रांतून प्रकट होते, एवढीच गोष्ट, तीही धूसर. पण पहिल्याच लेव्हलला काय मिळतं ते पाहा: एका हाती शस्त्राचा हल्ला आणि नुकसान करिश्मावर, मध्यम चिलखत, ढाल, मार्शल शस्त्रं, शील्ड स्पेल, आणि वर असा शाप की शापितावर फासा १९ पडला तरी क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा घाव. पॅलाडिन, बार्ड, सॉर्सरर अशा दुसऱ्या पेशाचा कोणीही एक लेव्हल इथे टाकतो आणि आवळा देऊन कोहळा काढतो. ज्या शक्तीशी करार केला तिचं नावही बऱ्याचदा ठरवलं जात नाही, कारण नियम काही मागतच नाही. डीएमने आकड्यांना हात न लावता एक अट घालावी: ती लेव्हल घेताना शस्त्राची एक मागणी लिहून द्यायची, आणि ती मोडली तर पुढच्या लाँग रेस्टपर्यंत करिश्माचा फायदा बंद. ज्यांना फक्त आकडा हवा होता ते आपोआप दुसरा मार्ग शोधतात.

नियम आणि गोष्ट एकमेकांत बसलेला सबक्लास पाहायचा असेल तर झेलट बार्बेरियन पाहा. देवाने निवडलेला योद्धा, म्हणून त्याला जिवंत करणाऱ्या स्पेलला मटेरियल घटक लागत नाही. रिव्हिव्हिफाय या स्पेलचे ३०० नाण्यांचे हिरे वाचतात, रेझ डेडचे ५०० वाचतात. एका वाक्यात श्रद्धा आणि बेफिकिरी दोन्ही येतात, आणि लढाईत फायदा मोजका राहतो, कारण जिवंत करायला क्लेरिकसारखा (पुरोहितासारखा) तो स्पेल येणारा कोणीतरी तर लागतोच.

स्पेलच्या प्रकरणात हीलिंग स्पिरिटवर थांबावं लागतं. दुसऱ्या लेव्हलच्या या स्पेलमधला आत्मा त्याच्या जागेत येणाऱ्याला १डी६ बरं करायचा, मिनिटभर, म्हणजे दहा फेऱ्या, आणि किती जणांना याला मर्यादाच नव्हती. लढाई संपल्यावर टोळी त्या बिचाऱ्या आत्म्यातून रांगेने फेऱ्या मारत असे: माणशी सरासरी ३५ पॉइंट, चौघांचे १४०. त्याच लेव्हलचा प्रेयर ऑफ हीलिंग दहा मिनिटं घेऊन माणशी साधारण १३ देतो. नंतरच्या अधिकृत दुरुस्तीत आत्मा फक्त १ अधिक स्पेलकास्टिंग मॉडिफायरइतक्या वेळा बरं करतो, निदान दोनदा. +४ मॉडिफायर असेल तर पाच वेळा, एकूण सरासरी १७ ते १८. आता तो चांगला स्पेल आहे, मोडलेला नाही.

पात्राचं पूर्वायुष्य फाशांवर ठरवणारे तक्ते मजेचे आहेत. वय २०पर्यंत असेल तर एक घटना, ३१ ते ४०ला १डी६, साठीनंतर १डी१२ घटना. म्हाताऱ्या पात्राला भूतकाळ जास्त आणि लेव्हल मात्र पहिलीच, हे जरा गमतीचं आहे. इथे आकड्यांचा तोल बिघडत नाही, पण तक्ता डोळे झाकून चालवला तर चार खेळाडूंची चार असंबद्ध आयुष्यं तयार होतात. दुसऱ्या खेळाडूने फासा टाकताना आधीच्याची एक घटना आपल्या आयुष्यात जोडायची असा नियम करा.

नावांचं परिशिष्ट लांबलचक आहे. त्यात भारतीय नावांचाही तक्ता आहे, जो आपल्याकडच्या टेबलाला फारसा लागत नाही. घरातल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा जास्त उपयोगी. ती पानं आणखी दोन-तीन गुंतागुंतीच्या सापळ्यांना मिळायला हवी होती.

२०२४च्या नव्या मूळ नियमपुस्तकात झेलट, ग्लूम स्टॉकर, सेलेस्टियल, ग्लॅमर असे काही सबक्लास सुधारून घेतले आहेत, त्यामुळे फक्त त्यांच्यासाठी हे पुस्तक आता घेऊ नका. मौजमजा, प्रतिस्पर्धी, चोरी, सापळे हे भाग नव्या नियमांसोबतही जवळजवळ जसेच्या तसे चालतात. जुनी प्रत घेत असाल तर आधी हीलिंग स्पिरिटचं पान उघडून बघा. किती वेळा बरं करता येतं याचं वाक्य तिथे नसेल तर ती दुरुस्तीच्या आधीची छपाई आहे. विक्रेत्याकडून थोडी किंमत कमी करून घ्या आणि ते वाक्य पेन्सिलने समासात लिहून टाका.